पाटलाच्या दारातला नाताळ

बाबूलालअण्णा गवंडी. निंबर्ग्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वाडी आहे, तिथले. आम्ही आळंदच्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकला तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे कामाला आले, आणि नंतर घरचेच झाले. बोलणं कमी. भिंत ओळंब्यात नसली की स्वतः बांधलेली असली तरी पाडायचे. दुपारी जेवणाआधी डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना करायचे, मगच भाकरीचा तुकडा मोडायचे. बरोबरचे मजूर तोवर थांबायचे.

त्यांच्या आजोबांच्या काळापासून हे घर ख्रिस्ती. वाडीच्या वेशीबाहेर पंधरा-वीस घरांची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याचं छोटं चर्च. त्या चर्चची ओसरी अण्णांनीच बांधलेली. रविवारी उपासनेला पेटी तेच वाजवायचे, मुलांना गोष्टी तेच सांगायचे, आणि नाताळ आला की गोठाही त्यांच्याच हातचा. कडब्याची ताटं उभी करून, वर पाचट टाकून, आत मातीची गाय, मेंढरं, मरिया, योसेफ. आजूबाजूच्या गावांतली हिंदू आणि बौद्ध मंडळीही तो गोठा बघायला यायची.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी पेटी, ढोलकी आणि कंदील घेऊन गाणी म्हणत फिरायची त्यांच्याकडे रीत. ही मंडळी फक्त वस्तीत फिरत नसत, सगळ्या वाडीत जात. लोक चहा देत, कुणी चिवडा देत. एक घर मात्र दरवर्षी सुटायचं. बसलिंगप्पा पाटलांचं. त्या गल्लीच्या तोंडाशी आलं की पेटी आपोआप बंद व्हायची आणि सगळे मुकाट्यानं पुढं निघायचे. का, ते कुणी विचारत नसे. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ती गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीच्या वैशाखातली. अण्णांची बायको सरुबाई पहिलटकरीण. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण दुपारीच कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, आळंदला न्या. तेव्हा वाडीत गाडी एकच, पाटलांची जीप. अण्णा पळत त्यांच्या दारात गेले. अंगणात जीप उभी होती. धुऊन पुसून, पुढं झेंडूचे हार बांधून. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या भाचीचं लग्न होतं.

पाटील ओसरीवर बाजेवर बसलेले. अण्णांनी हात जोडून सांगितलं. पाटील रागावले नाहीत की ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्या नवरी बसायची हाय तिच्यात. बाळंतिणीचं रगत सांडलं तर गाडी विटाळती. त्यात तुम्ही वेशीबाहेरचे. दुसरं काही बघ."

पाऊस आज यायचा नाही, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. अण्णा मला म्हणाले होते, "शिवी दिली असती तर मी इसरलो असतो. पण त्यांनी असं सांगितलं, जणू मलाबी ते पटायला पायजे."

शेवटी एकाची बैलगाडी जुंपली. आळंदच्या वाटेवर, दिवस मावळायच्या सुमाराला, गाडीतच मुलगी झाली. मुलगी रडली. सरुबाईनं तिच्याकडं बघितलंही म्हणे. दवाखान्याचे दिवे दिसायच्या आत सरुबाई गेली.

मुलीचं नाव पल्लवी. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलीला त्यांनीच वाढवलं. तिला काखेत घेऊन कामावर जायचे, वाळूच्या ढिगावर जुनं लुगडं अंथरून निजवायचे. वाडीतल्या बायका हसायच्या आणि हसता हसता मदतही करायच्या. आणि पाटलांशी त्या दिवसानंतर अण्णा एक शब्द बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. समोरून पाटील आले की रस्ता बदलायचे. पाटलांच्या घरचं काम आलं तर नको म्हणायचे. पाटलांनीही कधी काही कबूल केलं नाही, निदान कुणाच्या कानावर तरी आलं नाही.

चर्चमधल्या कुणालाही यात अण्णांचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं. अण्णांनाही नाही. दर रविवारी ते प्रभूची प्रार्थना म्हणायचे. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, या माफीच्या ओळीला ते गप्प राहायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा आवाज लावायचे. ही गोष्ट पल्लवीनं मला सांगितली. लहानपणी बापाच्या शेजारी उभी राहून तिला ती कळली होती.

पल्लवी नर्सिंग शिकली आणि जवळच्याच उपकेंद्रात लागली. स्कूटीवरून गावोगाव फिरायची. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर अण्णा पाटलांच्या गल्लीसमोर एका घराचं प्लॅस्टर करत होते. पायाडावरून त्यांना पाटलांच्या दारात पल्लवीची स्कूटी दिसली. सरकारी काम असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा दिसली. मग रविवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून परस्पर ती त्या गल्लीत वळताना दिसली.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं.

पल्लवीनं लपवलं नाही. पाटलांना लकवा होऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मुलगा पुण्याला, अधूनमधून यायचा. घरात ते आणि त्यांची बायको लिंगम्मा, तीही वयानं वाकलेली. एका अंगावर पडून पडून पाटलांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. लिंगम्मानं उपकेंद्रात येऊन हात जोडले तेव्हापासून पल्लवी जात होती.

"ते घर कुणाचं हाय, ठावं हाय का तुला?" अण्णा म्हणाले.

"ठावं हाय, अप्पा."

"मग कामून जायलीस?"

पल्लवीनं भाकरी कुस्करली. मग म्हणाली, "पहिल्यांदा नुसती बघायला गेलते. माझ्या आईला न्हाई म्हणणारा माणूस कसा असंल म्हणून. गेले तर एक म्हातारा. कूस बदलता येत न्हाई, पाणी मागता येत न्हाई. ज्याचा राग धरून गेलते, तो मला तिथं सापडलाच न्हाई, अप्पा."

अण्णांनी ताट सारलं. परत तिथं जायचं नाही, एवढंच म्हणाले.

"मी जाणार, अप्पा," पल्लवी म्हणाली. तिनं बापाचा शब्द मोडायची ती पहिलीच वेळ. आवाज चढवला नाही, पण नजरही खाली घातली नाही.

नंतर घरात अबोला राहिला. पल्लवी सकाळी भाकरी करून डबा भरून ठेवायची, अण्णा तो घेऊन निघायचे. ती पाटलांकडं जात राहिली, ते बघत राहिले.

डिसेंबर लागला. चर्चला नवे पाळक आले होते, तरुण, उदगीरकडचे. त्यांनी ठरवलं की नाताळाच्या उपासनेत यंदा मंडळीतल्याच एकानं बोलायचं, आणि विषय नवा जन्म. प्रभू येशूकडं रात्री लपून आलेल्या त्या धर्मपंडिताची गोष्ट सगळ्यांना माहीत. माणसानं नव्यानं जन्मायला हवं, असं येशूनं सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं होतं, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार? पाळकांनी बोलायला अण्णांना सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार होते? चर्चमध्ये सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चोख माणूस तोच.

अण्णा हो म्हणाले आणि मग अडकले. ते मला म्हणाले, "गोष्ट मला तोंडपाठ. किती वर्सं पोरांना सांगायलोय. पण यंदा सांगायला बसलो की त्या म्हाताऱ्याच्या जागी मीच दिसायलो. तोबी चोख माणूस. देवाधर्मात वाढलेला. त्यालाच कामून सांगितलं नव्यानं जन्म म्हणून? दारुड्याला सांगायचं, चोराला सांगायचं."

नाताळाच्या तीन-चार दिवस आधी ते चर्चमध्ये गोठा बांधत होते. पाळक शेजारी बसून पताका कापत होते. ताटं उभी झाली, पाचट पडलं, मातीची माणसं बसली. शेवटी अण्णांनी कापडात गुंडाळलेलं मातीचं बाळ हातात घेतलं आणि ते तसेच बसून राहिले.

पाळकांनी विचारलं, काय झालं?

अण्णा म्हणाले की त्यांना एक गोष्ट इतक्या वर्षांत कधी सुचलीच नव्हती. देवानं यायचं ठरवलं तर तो कसाही आला असता. राजा होऊन, गडगडाट करून. आणि आला तर असा की मान धरता येत नाही. कुणीतरी उचलायचं, पुसायचं, दूध पाजायचं, नाहीतर तो जगायचा नाही. आईबापांनी नाही म्हटलं असतं तर? देवानं स्वतःला माणसांच्या हातात टाकलं, आणि हातही कसले, ज्यांचा काही भरवसा नाही असे.

मग ते म्हणाले, "पाळकसाहेब, मला बोलायला नगा लावू. मी अजून जन्मलोच न्हाई. दुसऱ्याला काय सांगू?"

पाळकांनी त्यांना समजावलं नाही की उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले की त्या पंडिताकडंही उत्तर नव्हतं, नुसता प्रश्न होता, आणि प्रभूनं त्याला परत पाठवलं नव्हतं. मग दोघांनी मिळून पताका लावल्या.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी पल्लवीला फोन आला. पलीकडच्या तांड्यावर एक बाई अडली होती. निघता निघता ती दारात थांबली आणि बापाला म्हणाली, "आज पाटलांना आंघोळ घालायची व्हती. लिंगम्माअव्वा पाणी तापवून वाट बघत असंल. संध्याकाळी येते म्हणून तेवढं सांगाल का?"

उत्तराची वाट न बघता ती गेली.

बऱ्याच वेळानं अण्णा उठले. निरोप सांगायचा आणि परत यायचं, असं मनाशी ठरवून ते त्या गल्लीत शिरले. वैशाखातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. अंगण तेच होतं, जीप कधीच विकलेली. लिंगम्मा चुलीपुढं बसली होती. अण्णांना बघून ती उठली आणि पदर सावरत तशीच उभी राहिली.

"पल्लवी सांजच्याला येणार हाय," अण्णा म्हणाले. "डिलिव्हरीला गेली."

"बरं," लिंगम्मा म्हणाली.

आतून कण्हण्याचा आवाज आला. लिंगम्मा मान खाली घालून म्हणाली की ते सकाळपासून ओल्यात पडलेत, माझ्याच्यानं हलत नाहीत.

अण्णा वळले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. ते सांगतात, त्या वेळी देवाची वाणी वगैरे काही ऐकू आली नाही, सरुबाईही आठवली नाही. एवढंच डोक्यात आलं की माणूस ओल्यात पडलाय आणि ते आपल्याला माहीत झालंय. ते परत आले, बाहेर नळावर हात धुतले आणि विचारलं, "पाणी तापलंय का, अव्वा?"

आत अंधार होता आणि वास होता. पाटील बाजेवर पडलेले. एकेकाळचा केवढा धिप्पाड माणूस, आता नुसती हाडं. त्यांनी डोळे उघडले, अण्णांना ओळखलं, आणि चालणारा डावा हात वर उचलून तोंडापुढं धरला. मार चुकवायला मूल धरतं तसा.

अण्णांनी ते बघितलं. कितीतरी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की या माणसानं एकदा आपल्याला घाबरावं. तो आता घाबरला होता, आणि अण्णांना काहीच गोड वाटलं नाही. "भिऊ नगा," ते म्हणाले. "आंघोळ घालायला आलोय."

त्यांनी पाटलांना उचलून अंगणात उन्हात आणलं आणि धुण्याच्या दगडावर स्वतःच्या छातीशी टेकवून बसवलं. गळ्यात दोऱ्याला लिंगायतांची इष्टलिंगाची चांदीची डबी होती. अण्णांचा हात तिथं थांबला. त्यांनी लिंगम्माकडं बघितलं आणि म्हणाले, "ही तुम्ही काढून ठिवा, अव्वा. माझा हात लागायचा."

लिंगम्मा म्हणाली, "ती काढत न्हाईत. लागू दे तुझा हात."

मग अण्णांनी पाणी घातलं. आधी पायावर, मग पाठीवर, जखमा टाळून. डोक्यावर घालताना दुसरा हात कपाळावर आडवा धरला, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पल्लवीला त्यांनी असंच न्हाऊ घातलं होतं.

पाटलांचं तोंड हलायला लागलं. आवाज फुटेना. दोन-तीनदा नुसता घशातून घरघर आली. मग एक शब्द आला. "जीप."

लिंगम्मानं तोंडाला पदर लावला. पाटील पुन्हा म्हणाले, "जीप," आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

अण्णा थांबले. हातातला तांब्या तसाच राहिला. मग ते म्हणाले, "व्हय. जीप. ठावं हाय मला." आणि डोक्याला साबण लावत, "आता डोळे मिटा. साबण जाईल."

एवढंच बोलणं झालं. अंग पुसून, कोरडं धोतर नेसवून, त्यांनी पाटलांना आत नेऊन दुसऱ्या कुशीवर निजवलं. घरी आले आणि अंगणात बसून रडले. किती वेळ, ते त्यांना ठाऊक नाही. पल्लवी दुपारी तांड्यावरून परत आली तेव्हा ते तिथंच होते. तिनं तांड्यावर मुलगा झाला, बाई सुखरूप आहे, एवढं सांगितलं, आणि चहा ठेवला.

संध्याकाळी गाणारी मंडळी निघाली. पाटलांच्या गल्लीशी आल्यावर सगळे सवयीनं थांबले. अण्णांनी पेटी थांबवली नाही. वाजवत तेच आधी आत वळले. मागच्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि तेही वळले. लिंगम्मानं दार सताड उघडून ठेवलं, बाजेवरून अंगण दिसावं म्हणून. गाणं झाल्यावर तिनं सुपातून शेंगदाणे आणि गूळ आणला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत घातला.

दुसऱ्या दिवशी उपासनेत अण्णा बोलायला उभे राहिले. मी त्या दिवशी तिथं होतो, पल्लवीनं बोलावलं होतं. ते फार बोलले नाहीत. म्हणाले, "पोरं इचारत्यात, देव ल्हान होऊन कामून आला. मोठा होऊन आला असता तर मी पाया पडलो असतो आणि घरी गेलो असतो. ल्हान होऊन आला म्हणून उचलावं लागलं. उचलताना माणूस आधी वाकतो, तवा कळतं आपली कंबर किती ताठली व्हती ते."

मग म्हणाले, "नव्या जन्माचं मला लई काही ठावं न्हाई. मला वाटायचं, तवा आनंद व्हत असंल. पण मूल जन्मतं तवा हसतं का? रडतं. उजेड खुपतो त्याला. आपण जन्मायलोय हे त्याला ठावंबी नसतं. मला काल लई खुपलं. बाकी प्रभूला ठावं."

पेटीपाशी येऊन बसले. शेवटची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली. मी त्यांच्याकडं बघत होतो. ऋण्यांच्या ओळीला त्यांचे ओठ हलले. आवाज नीट फुटला नाही, पण हलले.

यानंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. अण्णा एक दिवसाआड पाटलांकडं जात राहिले, आणि उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आधी पाटील गेले. मुलगा पुण्याहून आला होता. समाधीचं बांधकाम तुम्हीच करा, असं त्यानं अण्णांना सांगितलं, आणि अण्णांनी ते केलं. ही बातमी सरुबाईच्या माहेरी, करजगीला पोचली. तिचा भाऊ अंकुश फोनवर म्हणाला की तुम्ही आमच्या पोरीचं मरण त्या पाटलाला माफ करून टाकलं, तुम्हाला कुणी दिला तो हक्क? अण्णांनी वाद घातला नाही. मला म्हणाले, "त्याचं खोटं न्हाई. माझं मी माफ करायलोय, अजून पुरतं झालंबी न्हाई. सरूचं मी कसं करू? ती भेटंल तवा तीच सांगंल." सरुबाईचं नाव निघालं की त्यांना पाटलांचा अजूनही राग येतो. जीप दिसली की चेहरा बदलतो. पल्लवी म्हणते, जन्म झालाय अप्पांचा, वाढायचं राहिलंय.

यंदाच्या नाताळाला गोठा त्यांनी वस्तीतल्या तरुणांना बांधायला दिला. स्वतः सकाळची उपासना आटोपून, पल्लवीनं केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन ते अफजलपूरच्या बसमध्ये बसले आणि तिथून करजगीला गेले. अंकुश दारातच होता. त्यानं आत या म्हटलं नाही. डबा घेतला नाही. उन्हातून आलेत म्हणून बायकोला सांगून तांब्याभर पाणी मात्र दिलं. अण्णा उभ्यानं पाणी प्यायले, डबा ओट्यावर ठेवला, आणि तिसऱ्या प्रहरच्या बसनं परत आले. डबा अजून परत आलेला नाही. पुढच्या नाताळाला पुन्हा जाणार आहेत.